होटनचं डी स्टेडियम खरंच १९०२ चं आहे का? आणि तेव्हा बर्फ कसा करायचे?

गुहागरचे_नाना

नमस्कार मंडळी, विषय कोकणाबाहेरचा आहे पण इथली बरीच पोरं तिकडे आहेत म्हणून इथेच विचारतो. आमचा धाकटा मिशिगन टेकला एमएस करतोय, गाव होटन, अमेरिकेच्या पार वर लेक सुपिरिअरच्या बाजूला. थंडी पडल्यापासून त्याला आइस हॉकीचं वेड लागलंय, फोनवर अभ्यासाचं विचारलं की मॅचचं सांगतो. परवा त्याने डी स्टेडियमचा फोटो पाठवला आणि म्हणाला, बाबा, पैसे घेऊन उघड हॉकी खेळायला सुरुवात झाली ती इथे, १९०२ ची इमारत आहे. त्याचा रूममेट म्हणतो छे, ती जळली, ही नंतरची. खरं काय?

आणि मला त्याहून जास्त खटकलं ते म्हणजे गाव सात-आठ हजार वस्तीचं, साल १९०२, आपल्याकडे तेव्हा मुंबई गाठायची तर बोट धरायची, आणि त्या आडबाजूच्या गावात नुसत्या हॉकीसाठी एवढी मोठी शेड? पैसा कोणाचा? बर्फाचं मशीन होतं का तेव्हा?

वाशिष्ठीकाठचा

नाना, मी त्याच कॉलेजचा, आता चिपळूणला परत आलोय. तुमच्या पोराचं आणि रूममेटचं भांडण मिटवतो. १९०२ मध्ये तिथे उभी राहिली ती इमारत अँफिड्रोम. २९ डिसेंबर १९०२ ला पहिली मॅच, गावची पोर्टेज लेक टीम विरुद्ध टोरँटो युनिव्हर्सिटी, आणि गाववाल्यांनी १३-२ ने धुतलं त्यांना. लाकडी बांधकाम होतं, ९ जानेवारी १९२७ ला आग लागली आणि गेलं सगळं. मग पुन्हा बांधलं, नाव तेच ठेवलं, आणि १९४३ मध्ये जेम्स डी नावाच्या माणसाच्या नावावरून डी स्टेडियम केलं. हा डी पहिल्यापासून हॉकीच्या मागे पैसा आणि खटपट लावणारा तिथला व्यापारी. म्हणजे रूममेट जिंकला, पण पोराला सांगा की इतिहास त्याच्याच बाजूने आहे.

पैशाचं उत्तर एका शब्दात, तांबं. तो सगळा कीविनॉ भाग १८४० च्या दशकापासून तांब्याच्या खाणींचा. आज बघून वाटत नाही पण १९१० च्या जनगणनेत होटन काउंटीत ८८ हजार माणसं होती, २०२० मध्ये ३७ हजार. कॉर्नवॉलचे, फिनलंडचे, इटलीचे खाणकामगार, हातात रोख पगार, आणि हिवाळा असा की वर्षाला सरासरी २०० इंचाच्या वर स्नो पडतो, आपण पावसाचे इंच मोजतो तसे ते स्नोचे मोजतात. बाहेर करायला काही नाही. शेजारच्या कॅल्युमेटला तर १९०० साली ऑपेरा थिएटर बांधलं होतं. अशा गावात हॉकीची शेड बांधून तिकीट लावलं तर चालणारच ना.

शेडचं कारणही तोच स्नो. लोकांना वाटतं एवढी थंडी आहे तर उघड्यावर खेळा की, पण उघड्यावरचा बर्फ दर तासाला फावड्याने साफ करत बसायला लागतो. छप्पर टाकलं की निम्मं काम संपलं.

आता मुख्य माणूस. जॅक गिब्सन, धंद्याने डेंटिस्ट, मूळचा कॅनडातल्या ऑंटारिओचा. तिकडे तेव्हा हौशी खेळाचं सोवळं कडक. त्याच्या टीमने शेजारच्या गावाला हरवलं म्हणून मेयरने पोरांना सोन्याची नाणी दिली, तर असोसिएशनने अख्खी टीमच बाहेर काढली. गडी डेट्रॉइटला दाताचं शिकला आणि होटनला येऊन दवाखाना टाकला, सोबत टीम. १९०४ मध्ये याच मंडळींनी इंटरनॅशनल प्रोफेशनल हॉकी लीग काढली. पाच टीम: होटनची पोर्टेज लेक, कॅल्युमेट, पिट्सबर्ग, आणि सू सेंट मरी नावाची दोन जुळी गावं, एक अमेरिकेत एक कॅनडात. सगळे खेळाडू पगारी, आणि उघड उघड पगारी. पहिल्या सीझनला कॅल्युमेट जिंकलं, पुढचे दोन्ही पोर्टेज लेक. सायक्लोन टेलर, जो नंतर कॅनडाचा हिरो झाला, तो १९०६ मध्ये इथे येऊन खेळलाय.

१९०७ ला लीग बंद. एक तर त्या वर्षी अमेरिकेत बँकांची पळापळ झाली, आणि दुसरं म्हणजे कॅनडाने सोवळं सोडलं. घरच्या घरी पैसे मिळायला लागल्यावर खाणीच्या गावात कोण येतंय. गंमत बघा, गिब्सनला १९७६ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेही कॅनडातल्याच.

आडिवऱ्याचा_शंकेखोर

वाशिष्ठीकाठचा, माहिती झकास पण नानांच्या पोराचं ते "सुरुवात झाली ती इथे" जरा जपून हां. पैसे आधीही देत होते, टेबलाखालून. तुमच्याच गोष्टीत मेयर नाणी वाटतोय. आपल्याकडे नाही का, गावच्या क्रिकेट टुर्नामेंटला बाहेरून आणलेला बॉलर "पाहुणा" असतो. होटनचा दावा एवढाच धरा की पूर्ण लीगच उघडपणे पगारी असलेली ही पहिली. तेवढं म्हटलं तरी पुष्कळ आहे.

आणि एक, जुनीच इमारत बघायची असेल तर नानांच्या पोराला कॅल्युमेटला पाठवा, वीसेक किलोमीटर असेल. तिथलं कोलोसियम १९१३ चं आहे आणि आजही त्यात हॉकी चालते. त्याच वर्षी तिथे खाणकामगारांचा मोठा संप झाला होता आणि ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी इटालियन हॉलमध्ये कोणीतरी आग आग ओरडलं, आग नव्हतीच, जिन्यात चेंगरून ७३ माणसं गेली, त्यात बरीचशी लहान पोरं. तांब्याच्या पैशाची ती पण बाजू आहे, नुसत्या स्टेडियमच्या गप्पा मारताना राहून जाते.

मिरकरवाडा_बर्फवाला

बर्फाचं कोणी बोललंच नाही म्हणून आलो, आमची घरची बर्फ फॅक्टरी आहे, ट्रॉलरना बर्फ देतो.

नाना, मशीन होतं. अमोनियाचा कॉम्प्रेसर १८७० च्या दशकातला, लंडनला १८७६ मध्येच कृत्रिम बर्फाचं रिंक झालेलं. त्या लीगमधल्या पिट्सबर्गच्या रिंकला पण मशीनचा बर्फ होता. पण होटनसारख्या ठिकाणी मशीन कशाला घेतील, फुकटची थंडी आहे. शेडला हीटिंग नसायचं, थंड हवा आत घ्यायची, जमिनीवर पाणी मारायचं, गोठलं की परत मारायचं. त्रास एवढाच की सीझन हवामानाच्या हातात. थंडी उशिरा आली की मॅच पुढे, मार्चमध्ये ऊन तापलं की बर्फाचा चिखल.

मशीनवालं रिंक म्हणजे आमचीच फॅक्टरी आडवी केलेली समजा. आमच्याकडे टाकीत मिठाचं थंडगार पाणी फिरतं आणि त्यात पाण्याचे डबे बुडवलेले असतात, डब्यात लादी होते. रिंकमध्ये तेच मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल (सहज न गोठणारं द्रव) काँक्रीटच्या खालच्या पायपांतून फिरतं आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवतात. सगळा मिळून बर्फ जेमतेम इंच-दीड इंच. मध्येच पांढरा रंग मारतात, नाहीतर खालचं काँक्रीट दिसतं आणि खेळायची काळी चकती (पक) दिसत नाही. हिशोब करून बघितला, अमेरिकन मापाचं रिंक २०० बाय ८५ फूट, एक इंच थर धरला तर साधारण ३७ टन बर्फ. १४० किलोची लादी धरली तर अडीचशेच्या वर लाद्या. सीझनला आमच्यासारख्या धंद्यात हा आकडा काही घाबरवणारा नाही, पण आम्ही बर्फ करून विकून मोकळे, त्यांना तो महिनोन्महिने टिकवायचाय.

अजून एक सांगतो, आमच्या लायनीतला माणूस आहे म्हणून. बर्फ सारखा करणारी ती गाडी असते ना, झँबोनी, तो फ्रँक झँबोनी कॅलिफोर्नियात लाद्यांचीच फॅक्टरी चालवायचा, भाजीपाल्याच्या गाड्यांना बर्फ. फ्रिज आणि मशीनने थंड राहणारे मालाचे डबे आले, लादीला गिऱ्हाईक कमी झालं, तर भावांनी १९४० मध्ये स्केटिंग रिंक उघडलं आणि १९४९ मध्ये ही गाडी बनवली. आमच्या वडिलांना सांगितलं तर म्हणाले आपण पण काहीतरी जोडधंदा बघूया.

गुहागरचे_नाना

वा, फारच भारी माहिती सगळ्यांची, पोराला लिंक पाठवली. इटालियन हॉलचं वाचून गप्प झालो. बर्फवाले, मग रत्नागिरीत होईल का हो असं रिंक? गंमत म्हणून विचारतोय, तेवढंच वडिलांना जोडधंदा. आणि वाशिष्ठीकाठचा, कॉलेजची टीम पण त्याच डी स्टेडियमात खेळायची का?

वाशिष्ठीकाठचा

हो नाना, १९७२ पर्यंत तिथेच. १९६२ आणि १९६५ ला टेकने कॉलेजांची नॅशनल चॅम्पियनशिप मारली तेव्हा घरचं मैदान डी स्टेडियम होतं, कोच जॉन मॅकिनेस. मग कॅम्पसवर नवीन रिंक झालं, आता त्याला त्याच कोचचं नाव आहे. पोरगं कॉलेजच्या मॅच तिथे बघत असणार, डी स्टेडियम आता शाळेच्या आणि गावातल्या टीमचं. त्याला म्हणावं शाळेची मॅच बघ, तिकीट स्वस्त आणि आरडाओरडा जास्त.

मिरकरवाडा_बर्फवाला

रत्नागिरीत बर्फ होईल हो, बिल परवडणार नाही. थंड करण्यापेक्षा आपली दमट हवा जास्त खाते, छपराला आतून दव धरतं आणि बर्फावर टपटप. वेगळी हवा सुकवायची मशीनं लागतील, ती चोवीस तास. देहरादूनला २०११ मध्ये मोठं इनडोअर रिंक झालं ते खर्चापायी कित्येक वर्षं कुलूपबंद होतं, आणि तिथे निदान हिवाळा तरी आहे. आमच्याकडे जून-जुलैला मासेमारी बंद म्हणून मशीनं रिकामी असतात, पण नेमका तेव्हाच दमटपणा विचारू नका. वडिलांना तूर्तास आइस क्यूबच्या पिशव्यांवर समाधान मानायला सांगितलंय.