वाचनालयातली संध्याकाळची व्याख्यानं: थोडी भर

'यूट्यूबवर सगळं फुकट असताना इंटरनेट शिकायला वाचनालयात कशाला जायचं?' असं वाचनालयातल्या इंटरनेटच्या या व्याख्यानांबद्दल कुणीतरी विचारलंय. मलाही तसंच वाटायचं. बेळगावातल्या वडगावच्या आमच्या काकांना (घरचे माग, साड्यांचा धंदा) सोबत म्हणून गेलो आणि दोन तास बसलो.

त्या दिवशी विषय होता गूगल मॅपवर दुकान नोंदवण्याचा. काकांनी विचारलं, "गावाचं नाव कुठलं लिहायचं?" प्रश्न साधा नाही हो! १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, पण पुण्या-कोल्हापूरचं गिऱ्हाईक अजून बेळगावच शोधतं. उत्तर मिळालं ते असं: पत्ता सरकारी नावानेच असू दे, खालच्या वर्णनात मात्र दोन्ही नावं येऊ देत. दुकानाच्या नावात 'स्वस्त साडी होलसेल' वगैरे घुसडायचं नाही, पाटीवर आहे तेच नाव द्यायचं. नाहीतर गूगल नोंद बंदही करू शकतं. हे व्हिडिओत सापडलं असतं, पण काकांनी तो व्हिडिओ शोधला असता का?

दुसरा विषय उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीचा. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. काकांनी एका एजंटला त्यासाठी पैसे मोजले होते. ते ऐकून गप्पच झाले बिचारे.

तक्रार एकच, वेळेची. सहाला दुकानदार गल्ला सोडून येणार कसा? साडेआठला ठेवा, उद्यमबागेतली कारखान्याची पोरंही येतील. आणि बोलणारा मराठी-कन्नड दोन्ही जाणणारा असला तर फारच बरं.