सोसायटीकडे हिशेब मागितलाय का कधी? या, बसा, सांगा

माळ्यावरची ट्रंक:
काल ट्रंक आवरताना बाबांची सोसायटीची फाईल हाती लागली. टाचण्या गंजलेल्या, पावत्या मात्र तारीखवार. एकदम ती सभा आठवली. आम्ही तळमजल्यावर. बाबा उभे राहिले, "मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, पैसे कसले?" सेक्रेटरीकाका म्हणाले, सगळ्यांना सारखे. झालं, दोन घरांचं बोलणं बंद. हळदीकुंकूसुद्धा.

गंमत म्हणजे काका बरोबर होते. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, लिफ्टचा खर्च सगळ्या सदनिकांना समानच वाटायचा, चढा नाहीतर चढू नका. मला हे स्वतःचं घर घेतल्यावर कळलं. पण त्याच पावत्यांवर दर महिन्याला "इतर : 85" आहे आणि त्याबद्दल बाबांनी चकार शब्द काढला नव्हता! भांडले ते नको तिथे.

तुमचेही येऊ द्यात.

भाडेकरूवाली:
फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते) मेंटेनन्सच्या निम्मं लावलं. 2001 च्या शासन निर्णयात सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर नाही असं स्वच्छ आहे, तेही फक्त सेवाशुल्कावर, पाणीपट्टी-घरपट्टी धरून नाही. छापून नेलं. अध्यक्ष म्हणाले, "आमच्या सोसायटीत असंच आहे." सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार, दोन वर्षं तारखा. जास्तीचे पैसे शेवटी पुढच्या बिलांत वळते केले. सॉरी कोणी म्हटलं नाही. कुकर झाला, येते.

गच्चीवर_बंदी:
"आमच्या सोसायटीत असंच आहे" हे गेटवर पाटी करून लावा 😂

मानद सेक्रेटरी, नाइलाजाने:
आमचंही ऐका की. पगार शून्य. रात्री अकराला फोन, "पाणी नाही." अहो, माझ्याकडेही नाही! वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी लावतो, 60 सदनिकांतून 9 माणसं येतात, त्यातली दोन समोशासाठी. दर महिन्याचा जमाखर्च फलकावर असतो. तीन वर्षांत एकाने वाचला, त्यानेही माझ्या सहीला मिशा काढल्या.

माळ्यावरची ट्रंक:
तुम्हाला नमस्कार. पण फलकावर लावणारे तुम्ही एकटेच असाल हो.

पोचपावती:
तोंडी काही मागायचं नाही हा माझा धडा. मी जिन्यात, पार्किंगमध्ये, गणपतीच्या आरतीत इतिवृत्ताची प्रत मागत होतो. वही कधी ऑडिटरकडे, कधी कपाटाची किल्ली गावाला. मग अर्ज दोन प्रतींत दिला, एकीवर शिक्का-तारीख घेतली, प्रतीचे पैसे भरले. किल्ली आठवड्यात गावाहून परतली. प्रत वाचली तर पेंटिंगच्या ठरावाला "सर्वानुमते मंजूर". त्या सभेत मी विरोधात हात वर केला होता!

कोणीतरी माहिती अधिकार टाका म्हणेल. सोसायटीला तो थेट लागत नाही, उपनिबंधकांच्या दप्तरी जे आहे ते मागता येतं.

दुसऱ्या_मजल्यावरचा:
वरच्यांच्या बाथरूममधून माझ्या हॉलमध्ये गळतंय, सोसायटी हात वर करतेय. कोणाला धरू?

पोचपावती:
वरच्यांना. संडास-बाथरूमची आतली गळती त्या त्या घरमालकाची, गच्चीतून गळलं तर सोसायटीची.

दुसऱ्या_मजल्यावरचा:
वरचे म्हणजे अध्यक्ष आहेत 🙏

भाडेकरूवाली:
अरेरे. छत्री उघडा.

सातबारा:
घर घेताना सोसायटीने हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट माझ्या नावावर करायचे म्हणून, दीड लाख मागितले. महापालिका हद्दीत कमाल 25,000, आणि देणगीच्या नावाखालीही वर घेता येत नाही. तसं सांगितलं तर म्हणाले, "ही ऐच्छिक देणगी आहे, पण भरल्याशिवाय ना-हरकत मिळणार नाही." इच्छा नक्की कोणाची, एवढंच विचारलं. भरले मी. बाळ दोन महिन्यांचं होतं, दोन घरांचं भाडं आणि हप्ता एकत्र झेपेना. अजून बोचतं.

मानद सेक्रेटरी, नाइलाजाने:
हे वाईट. पावती दिली का?

सातबारा:
दिली. "इमारत विकास".

गच्चीवर_बंदी:
विकास कोणाच्या इमारतीचा? अध्यक्षांच्या गावाकडच्या? 😂

आमच्याकडे पार्किंगच्या चिठ्ठ्या टाकल्या, मला नेमकी ड्रेनेजच्या पाइपाखालची जागा. गाडीचा रंग होता पांढरा.

भाडेकरूवाली:
ट्रंकताई, त्या "इतर" मध्ये काय होतं ते कळलं का मग?

माळ्यावरची ट्रंक:
आत्ता आईला फोन करून विचारलं. म्हणाली, "वॉचमनच्या मुलीची शाळेची फी. तुझ्या बाबांनीच सुचवलं होतं, पण नाव लिहू नका म्हणाले."

मानद सेक्रेटरी, नाइलाजाने:
ठराव केला होता का?

माळ्यावरची ट्रंक:
काका!!

दुसऱ्या_मजल्यावरचा:
कोणाकडे चांगला प्लंबर आहे का?