गोळी न चालवणारा राष्ट्राध्यक्ष: कार्लोस मेसा खरंच कचखाऊ होते का?

दूरदेशी

बोलिव्हिया म्हटलं की आपल्याकडे माजी राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस यांच्यापलीकडे चर्चा जात नाही. त्यांच्या आधीचे कार्लोस मेसा 'आंदोलनांपुढे टिकले नाहीत' या एका वाक्यात निकालात निघतात. मला हे साफ अमान्य आहे.

मेसा मूळचे पत्रकार. जन्म 1953चा, ला पाझचा. आई तेरेसा गिस्बर्ट आणि वडील होसे दे मेसा, दोघंही नावाजलेले इतिहासकार. मेसांनी टीव्हीवर वर्षानुवर्षं राजकारण्यांच्या मुलाखती घेतल्या, 1990मध्ये सहकाऱ्यांसोबत 'पात' ही वृत्तसंस्था काढली. कुठल्याही पक्षाचे नाहीत, चेहरा घराघरांत माहीत. म्हणूनच 2002च्या निवडणुकीत गोन्सालो सान्चेस दे लोसादा, म्हणजे 'गोनी', यांनी त्यांना उपाध्यक्षपदासाठी सोबत घेतलं. तरी गोनींना मतं पडली जेमतेम साडेबावीस टक्के. दुसऱ्या क्रमांकावरच्या मोरालेसना जवळपास एकवीस.

पुढच्याच वर्षी गॅसचं प्रकरण पेटलं. देशाचा गॅस चिलीच्या बंदरातून अमेरिकेकडे पाठवायचा बेत होता. 1879 साली सुरू झालेल्या युद्धात ज्या चिलीने बोलिव्हियाचा सगळा समुद्रकिनारा घेतला, त्याच चिलीतून! ला पाझ शहर खोलगट दरीत वसलंय आणि वर, चार हजार मीटरवर, एल आल्टो. वरचे रस्ते अडवले की खाली पेट्रोल नाही, सिलिंडर नाही, पावसुद्धा मिळेनासा होतो. ऑक्टोबर 2003मध्ये नेमकं हेच झालं. एल आल्टोतल्या सेन्काताच्या साठ्यातून निघालेले इंधनाचे टँकर लष्कराने बंदोबस्तात खाली नेले आणि वाटेतल्या वस्त्यांत गोळ्या चालल्या. त्या आंदोलनात साठाहून अधिक माणसं मेली.

13 ऑक्टोबरला उपाध्यक्ष मेसांनी जाहीर सांगितलं की या गोळीबाराला माझा पाठिंबा नाही. 17 तारखेला गोनी देश सोडून गेले आणि मेसा राष्ट्राध्यक्ष झाले. आंदोलकांवर गोळी चालवून सरकार टिकवायचं नाही, ही त्यांची भूमिका जून 2005पर्यंत कायम होती. पुन्हा रस्ते अडले, तेव्हा त्यांनी सैन्य न पाठवता राजीनामा दिला. माझ्या मते दक्षिण अमेरिकेतल्या अलीकडच्या राजकारणातला हा सर्वांत मोठ्या हिमतीचा निर्णय आहे.

रोखठोक

सहमत नाही. गोष्ट तुम्ही ऑक्टोबरपासून सुरू केलीत. फेब्रुवारी 2003चं काय? पगारावर कर लावायचा ठरला, पोलिसांनी बंड केलं, ला पाझच्या मुख्य चौकात पोलीस आणि सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. तीसेक माणसं गेली. तेव्हाही मेसा उपाध्यक्षच होते आणि जागचे हलले नाहीत.

ऑक्टोबरमध्येसुद्धा त्यांनी गोनींची साथ सोडली, पद नाही सोडलं. गोळीबार एवढा असह्य झाला होता तर त्याच दिवशी राजीनामा द्यायचा. विरोधही नोंदवायचा आणि रांगेत पहिला नंबरही राखायचा, याला मी तत्त्वनिष्ठा म्हणणार नाही.

दूरदेशी

रोखठोक, फेब्रुवारीचा मुद्दा रास्त आहे, तो डाग त्यांच्यावर आहेच. पण ऑक्टोबरमध्ये उपाध्यक्षपद सोडलं असतं तर गोनींनंतर सत्ता सिनेटच्या अध्यक्षांकडे, म्हणजे त्याच सत्ताधारी आघाडीकडे गेली असती. ज्यांच्या विरोधात लोक मरत होते त्यांच्याच हाती. मेसा पदावर राहिले म्हणून घटनेच्या चौकटीत दार उघडलं. पुढे एल आल्टोत जाऊन लोकांसमोर उभे राहिले तेव्हा कुणी त्यांना हुसकावलं नाही, हेही लक्षात घ्या.

पाटीपेन्सिल

गोळी चालवली की नाही, एवढ्यावरच माणूस मोजायचा का? माझा आक्षेप वेगळा आहे. मेसांनी राज्यकारभार पत्रकारासारखा केला.

जुलै 2004मध्ये गॅसवर सार्वमत घेतलं. पाच प्रश्न, पाचांनाही लोकांनी 'होय' म्हटलं. एवढा कौल हातात असताना पुढचा कायदा मात्र संसदेने आपल्या मनाचा केला: गॅस कंपन्यांवर 18 टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि वर 32 टक्के नवा कर. मेसांना तो झेपणारा वाटत नव्हता. मग नकाराधिकार वापरायचा होता! नाहीतर सही करून जबाबदारी घ्यायची होती. त्यांनी दोन्ही केलं नाही. मुदत संपू दिली आणि मे 2005मध्ये संसदेच्या अध्यक्षांनी कायदा जारी केला. कंपन्या नाराज, सांताक्रूझ प्रांताचे स्वायत्ततावाले नाराज, आणि गॅसचं संपूर्ण राष्ट्रीयीकरण मागणारा एल आल्टो तर पेटलेलाच.

मुलाखत घेणाऱ्याने दोन्ही बाजू मांडून थांबावं, ते त्याचं कामच आहे. राष्ट्राध्यक्षाला थांबता येत नाही.

दूरदेशी

पाटीपेन्सिल, सही कुणाच्या बळावर करायची होती? संसदेत त्यांचा स्वतःचा म्हणावा असा एक गट नव्हता. जुन्या पक्षांना ते घरचे नव्हते आणि मोरालेसना निवडणूक हवी होती. मार्च 2005मध्ये त्यांनी राजीनामा दिला तो याच संसदेने फेटाळला. जाऊही देत नव्हते आणि काम करूही देत नव्हते.

पाटीपेन्सिल

पक्ष नाही ही सबब कशी चालेल? वीस महिन्यांत बांधायचा होता. लोकप्रियता होती, टीव्हीवर बोलायची हातोटी होती. भाषणांनी लोक ऐकतात, मतदानाच्या दिवशी संसदेत हात वर करायला आपली माणसं लागतात. मोरालेसांकडे कोका पिकवणाऱ्यांच्या संघटना होत्या, गावोगाव बांधलेल्या. डिसेंबर 2005मध्ये ते पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन आले ते उगाच नाही.

सांजवात

मी दूरदेशींच्या बाजूने. रस्ते अडवल्याने लोकांचे हाल होतात म्हणून सैन्य बोलवा, हा युक्तिवाद प्रत्येक देशात होतो आणि मरतात ते वस्तीतलेच. तो मोह ज्याने टाळला त्याला कचखाऊ म्हणवत नाही.

रोखठोक

सांजवात, मग 2019चं सांगा. निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा आरोप झाला, मोरालेसांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं, हेनीने आन्येस अंतरिम राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्या काळात साकाबा आणि सेन्काता इथे सुरक्षा दलांच्या कारवाईत वीसच्या आसपास माणसं मेली. सेन्काता, तेच, जिथून 2003मध्ये टँकर निघाले होते. मेसा तेव्हा मोरालेसांचे मुख्य प्रतिस्पर्धी होते आणि या सत्तांतराची वैधता ते ठामपणे मांडत होते. 2003मध्ये उपाध्यक्ष असताना राष्ट्राध्यक्षांविरुद्ध जितक्या स्पष्टपणे बोलले, तितकं तेव्हा बोलायला हवं होतं. 2020च्या निवडणुकीत मोरालेसांच्या पक्षाच्या लुईस आर्सेंना 55 टक्के आणि मेसांना 29च्या आत मतं पडली, त्यात एल आल्टोच्या या आठवणीचाही हिशेब आहे असं माझं मत आहे.

दूरदेशी

आन्येस स्वतः निवडणुकीला उभ्या राहायला निघाल्या तेव्हा मेसांनी उघड विरोध केला होता, तेवढं नोंदवतो. सेन्कातावर त्यांनी अधिक कठोर बोलायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण तेव्हा हुकूम त्यांच्या हातात नव्हता. जून 2005मध्ये होता. राजीनाम्यावर निर्णय घ्यायला संसद सुक्रेला जमली त्या दिवशी, शहराबाहेर एक खाणकामगार गोळी लागून गेला, म्हणजे तो काळही रक्ताविना गेला असं मी म्हणत नाही. तरी ला पाझला वेढा पडलेला असताना टँकरांसाठी सैन्य पाठवा म्हणणारे कमी नव्हते, आणि मेसांनी तो आदेश दिला नाही. रोखठोक, त्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं, हे तुमच्याकडून ऐकायचंय.

रोखठोक

मी मे महिन्यातच कायद्यावर सही केली असती.