वायफाय कार्ड बसवलं, पण ब्लूटूथ दिसत नाही आणि माजघरात रेंज नाही

पडवी_डीटीपी, चिपळूण
नमस्कार. मी घरून डीटीपी करते. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, आणि सध्या एका निवृत्त गुरुजींच्या आठवणी, ज्या ते फोनवर रेकॉर्ड करून पाठवतात. घर जुनं, जांभ्याचं, भिंती दीड-दीड फुटाच्या. फायबर पडवीपर्यंत आलं आणि राउटर तिथेच बसला. कॉम्प्युटरही तिथेच होता, पण पावसाळ्यात पडवीला ओल येते, म्हणून जूनमध्ये तो माजघरात हलवला.

तिथे नेटसाठी एएक्स २१० चिपचं पीसीआयई (कॉम्प्युटरच्या आत बोर्डावर बसणारं) वायफाय-ब्लूटूथ कार्ड मागवलं. मशीन चौथ्या पिढीचं आय ५, बोर्ड एच ८१, विंडोज १०. बसवलं मीच. प्लग काढला, मागची पत्र्याची पट्टी काढली, छोट्या स्लॉटमध्ये कार्ड दाबलं, स्क्रू आवळला. ड्रायव्हर उतरवायला नेट नव्हतं, तेव्हा फोन यूएसबीला जोडून त्याचं नेट दिलं. वायफाय सुरू झालं!

पण पडवीत फोनवर ९० एमबीपीएस येतं आणि इथे ६-७. प्रेसला मोठी पीडीएफ पाठवताना मध्येच तुटते. ब्लूटूथ तर डिव्हाइस मॅनेजरमध्येही नाही. मुलगा झोपल्यावर मला हेडफोन लावून टाइप करायचं असतं. कार्ड खराब आलंय का? परत करायला चारच दिवस उरलेत.

सुटे_भाग
ताई, परत करू नका. वायफाय चालतंय म्हणजे कार्ड बहुतेक ठीकच आहे. या चिपचं वायफाय पीसीआयईवरून चालतं, ब्लूटूथ मात्र यूएसबीवरून. म्हणून खोक्यात एक बारीक वायर आली असेल. तिचं एक टोक कार्डावर आणि दुसरं बोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी २ च्या जागी लावायचं. पिना दोन ओळींत असतात आणि एका कोपऱ्यातली पिन नसते, ती बाजू जुळवा, जोर लावू नका. एकोणीस पिनांची मोठी जागा यूएसबी ३ ची, ती ही नव्हे. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांनी एक जागा घेतली असेल, शेजारी बहुतेक वेळा दुसरी मोकळी असते. हात लावण्याआधी पॉवरची वायर काढा.

रेंजचं काय? अँटेना कुठे आहेत? कॅबिनेटच्या मागेच वळवल्यात का, आणि मागे भिंत आहे का?

पडवी_डीटीपी
हो, मागेच. कॅबिनेट भिंतीला टेकलंय आणि बाजूला लोखंडी कपाट आहे.

सुटे_भाग
मग अडचण तिथेच आहे. एकीकडे पत्रा, दुसरीकडे जांभा. लोहचुंबकाचा तळ असलेला, मीटरभर वायरचा अँटेना मिळतो. तो कपाटाच्या माथ्यावर, दाराच्या रेषेत उभा ठेवा. भिंतीतून यायचं तर २.४ गिगाहर्ट्झ बरं, दारातून सरळ वाट असेल तर ५ गिगाहर्ट्झ करून बघा. राउटरही पडवीत जमिनीलगत असेल तर वर टांगा.

वाशी_ते_वाशा
मी वेगळं सांगतो. काम पोटापाण्याचं आहे, तर कॅट ६ ची (राउटरमधून नेट आणणारी) वायर वाशांवरून माजघरात आणा. इथरनेट, म्हणजे असं वायरवरचं नेट, १०० मीटरपर्यंत चालतं, तुमचं अंतर १५ मीटरही नसेल. भिंतीला भोक पाडावं लागत नाही, भिंतीच्या माथ्यावरून जाते. आमच्या गुहागरच्या घरात मी तसंच केलं.

नवा_बोर्ड
हा धागा वाचून कार्ड घेणाऱ्यांसाठी: एएक्स २०१ किंवा एएक्स २११ घेऊ नका. ती इंटेलच्या ठरावीक नव्या बोर्डांवरच चालतात, असल्या पीसीआयई अडॅप्टरवर नाही. मी ही चूक करून बसलो होतो.

पडवी_डीटीपी
वायर खोक्यात होती! प्लास्टिकच्या पिशवीत, मी स्क्रूंची पिशवी समजून बाजूला टाकली होती. लावली, ब्लूटूथ आलं. काल रात्री गुरुजींचं दीड तासाचं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकत टाइप केलं.

अँटेना कपाटावर ठेवला, माजघराच्या दारातून राउटर समोर दिसतो असा. ५ गिगाहर्ट्झवर ४५ येतं. दार लावलं की १२ वर पडतं, म्हणून दुपारी दार उघडंच ठेवते. कॅट ६ ची वायरसुद्धा आणणार आहे, पण कौलं उतरवणारे दिवाळीनंतर येतील, तेव्हाच वाशांवरून टाकून घेईन. वाशी_ते_वाशा, तुम्ही वायर उंदरांपासून कशी वाचवली ते सांगाल का? नळीतून नेली का?

वाशी_ते_वाशा
हो, पीव्हीसी नळीतून. पाऊण इंची घ्या, दोन्ही तोंडं कापसाने बंद करा.