आईच्या साठीला फुलं द्यायचीयेत, पण अर्थ असलेली. कुठली देऊ?

गच्चीवरची:
आईचा साठावा वाढदिवस नोव्हेंबरात आहे. साडी नको, सोनं नको, भांडी तर नकोच असं तिने आधीच सांगून ठेवलंय, म्हणून म्हटलं फुलं द्यावीत, पण ते जरबेरा आणि चमकीवाला बुके नकोय. नेटवर महिन्याप्रमाणे फुलांचा तक्ता असतो त्यात नोव्हेंबरला शेवंती दिलीये. आई मूळची कोकणातल्या शिरोड्याकडची, लग्न होऊन पुण्यात आली त्याला पस्तीस वर्षं झाली. माझ्या डोक्यात सुरंगीचा वळेसर, म्हणजे तिकडचा गजरा, होता. पुण्यात मिळेल का?

मावळी_माणूस:
सुरंगी विसरा ताई, ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास येते, नोव्हेंबरात कोकणात गेलात तरी ताजी मिळणार नाही. शेवंती मात्र तेव्हा ढिगाने असते आणि स्वस्तही. पॉलिहाउसचा गुलाब घेणार असाल तर वीसची गड्डी येते, दुकानातून सुटा घेण्यापेक्षा मार्केटयार्डातून सकाळी लवकर गड्डीच उचला. घरी आणल्यावर देठ तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाणी वास मारतं.

फ्रान्सवाला_पुणेकर:
तक्त्यावर जाऊ नकोस 😄 इथे आलो त्या वर्षी नोव्हेंबरात एका घरी जेवायला बोलावलं होतं, मी आपला बाजारात दिसली ती शेवंतीची कुंडी उचलून घेऊन गेलो, म्हटलं वा काय स्वस्त. दार उघडणाऱ्या आजींचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. इकडे १ नोव्हेंबरला शेवंती कबरींवर वाहतात, त्यासाठीच बाजार भरलेला असतो. आणि आपण तीच दसऱ्याच्या तोरणात झेंडूबरोबर ओवतो. त्यामुळे फुलाचा अर्थ तक्त्यात नाही, तो ज्याच्या त्याच्या घरात असतो, काकूंनाच आडून विचार.

उनाड_बोका:
फुलं दोन दिवसांत कचऱ्यात. सोनचाफ्याचं कलम द्या. कलमच घ्या हां, बियांवरच्या झाडाला फूल यायला कित्येक वर्षं जातात, कलम मोठ्या कुंडीतसुद्धा लवकर फुलतं. आणि घरात मांजर असेल तर लिलीचा बुके अजिबात नको, लिली मांजराला विषारी असते. माझ्या आयडीवरून कळलं असेलच 🐾

जुनी_वही:
ऑनलाइन मागवणार असाल तर सांभाळून. मी बहिणीला निशिगंध पाठवला होता, म्हणजे पैसे निशिगंधाचे भरले होते, पोचलं काय तर निळा रंग मारलेलं ऑर्किड आणि कडा काळ्या पडलेली शेवंती, वर "हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी" असं कार्ड. तिचं लग्नच झालेलं नाही. बाकी कलमाची आयडिया चांगली आहे, पण साठीच्या बाईला आणखी एका जिवाची निगा लावून देणं म्हणजे गिफ्ट की ड्युटी ते तुम्ही ठरवा.

गच्चीवरची:
सगळ्यांना थँक्यू! आईला विचारलं असतं तर लगेच संशय आला असता म्हणून मावशीला फोन केला. मावशी हसतच सुटली. म्हणे सुरंगी मला आवडायची गं, तुझ्या आईचं त्या वासाने डोकं चढायचं, मी माळली की ही माझ्या शेजारी झोपायची नाही. आईची म्हणजे अबोली. न्हाणीचं पाणी जायचं त्या पाटावर लावलेली होती, आणि शाळेत जायच्या आधी ही एकटीच बसून केळीच्या वाखात, म्हणजे सोपटाच्या धाग्यात, वळेसर करायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. मला हे कध्धीच माहीत नव्हतं!! आता अबोली कुठे मिळेल? आणि मेन प्रॉब्लेम, आईने मागच्या वर्षी बॉयकट केलाय, वळेसर माळणार कुठे?

मावळी_माणूस:
अबोली जवळजवळ वर्षभर असते, सीझनचं टेन्शन नाही. मंडईत गजरेवाल्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐनवेळी मोगऱ्यात घातलेली चारच फुलं दाखवतात. ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. नाजूक दिसते पण मोगऱ्यासारखी लगेच मान टाकत नाही.

जुनी_वही:
आणि अबोलीला वास नसतो, म्हणजे डोकं चढायचा प्रश्नच मिटला 😂 वळेसर नका आणू, सुटी फुलं आणि वाख आणा. काकू स्वतःच ओवतील, मग मनगटाला बांधोत नाहीतर देवाला घालोत.