घर कुणाला द्यायचं हा म्हणे 'मूलभूत हक्क'!

रातकिडा
परवा एका सदस्यांनी फ्लॅट भाड्याने देण्याबद्दल लिहिलं होतं. "हप्ते मी फेडले, फ्लॅट माझा. शाकाहारी, फॅमिलीवाले आणि आपल्यातलेच ठेवणार. घटनेने मला दिलेला हा मूलभूत हक्क आहे." खाली नुसती वाहवा. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते आवरेना, म्हणून हा धागा.

अहो, मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलाय कुठे? 1978 च्या 44व्या दुरुस्तीने तो कलम 19 मधून उचलला आणि साधा कायदेशीर हक्क म्हणून 300-क मध्ये नेऊन ठेवला. त्याच कलम 19 मध्ये आजही शिल्लक काय आहे? देशात कुठेही राहण्याचं, स्थायिक होण्याचं स्वातंत्र्य. म्हणजे मूलभूत हक्क आहे तो तुमच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा. तुमची आहे ती आवडनिवड. तसं सांगा आणि मोकळे व्हा, घटनेला कशाला मध्ये ओढता?

सातबारा
ते सदस्य म्हणजे मी. आडून कशाला बोलता?

कलम 19 कुणाविरुद्ध आहे ते आधी बघा. पुण्यात राहू नका असं सरकार तुम्हाला सांगू शकत नाही. माझ्या फ्लॅटमध्ये राहू नका असं मी सांगू शकतो. भेदभावाला मनाई करणारं कलम 15 घ्या. 15(1) राज्याला बांधतं. 15(2) नागरिकांनाही बांधतं, पण कुठे? दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, घाट, रस्ते. राहतं घर दाखवा त्यात. आणि 2005 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विसरलात का? अहमदाबादच्या पारशी सोसायटीने सभासद पारशीच असेल असा उपविधी केला होता, कोर्टाने तो वैध ठरवला. संघटना काढायच्या स्वातंत्र्यात आपली माणसं निवडणंही आलं.

बाकी अनुभवाचं म्हणाल तर एकदा 'सगळे सारखे' म्हणून चार आयटीवाली पोरं ठेवली होती. गेली तेव्हा लाइट बिल थकलेलं आणि बेसिनखाली थोटकांनी भरलेली कोल्ड्रिंकची बाटली. ते साफ करायला रातकिडा आले नव्हते.

ठाणेकर काकू
थोटकं टाकणाऱ्यांची जात कुठली होती हो? की ते 'आपल्यातले'च होते?

माझी भाची नर्स आहे, रात्रपाळी असते. तिच्याबरोबर डोंबिवलीत जागा बघत फिरले. एजंटचा पहिला प्रश्न आडनाव. दुसरा, नॉनव्हेज खाता का. तिसरा, रात्री किती वाजता येणार. पगार किती, डिपॉझिट जमेल का, हे त्याने विचारलंच नाही. एका ठिकाणी मालकीणबाईंनी ओटा दाखवला, पाण्याच्या वेळा सांगितल्या, चावीसुद्धा हातात दिली. मग आडनाव कळलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, ह्यांनी सकाळीच कुणाला तरी शब्द दिलाय वाटतं." चावी परत घेतली. भाची जिन्यात मला म्हणते, मावशी, आजचा हा तिसरा शब्द.

कलमं तुम्ही दोघं बघा. पेशंटला सलाइन लावताना कुणी तिचं आडनाव विचारत नाही एवढंच मला माहीत.

मेंटेनन्सग्रस्त
भाडेकरूंचा विषय निघालाच आहे तर सोसायट्यांच्या लुटीवर कुणीच का बोलत नाही? मी फ्लॅट रीतसर भाड्याने दिला, पोलिसांकडे माहिती दिली, करार नोंदवला. सेक्रेटरी म्हणतो, नॉन-ऑक्युपन्सीचे, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेले, मेंटेनन्सइतकेच पैसे वेगळे भरा. म्हणजे डबल! ही कुठली लोकशाही?

उंटावरचा शहाणा
@मेंटेनन्सग्रस्त, दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 2001 चा शासन आदेश आहे.

मेंटेनन्सग्रस्त
कशाच्या दहा टक्के? आमचा सेक्रेटरी म्हणतो भाड्याच्या.

रातकिडा
मंडळी, त्यासाठी वेगळा धागा काढा की.

सातबारा, तुमची यादी बरोबर आहे. पण यादीतला 'दुकान' शब्द मोठ्या अर्थाने घ्यायचा, पैसे घेऊन सेवा देणारा जो कोणी तो त्यात येतो, हे घटना समितीत खुद्द आंबेडकरांनी सांगितलं होतं. भाडं घेऊन जागा देणं हा धंदा नाही तर काय आहे?

आणि 1917 सालचं बडोदं आठवा. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब गायकवाड सरकारच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. राज्य त्यांच्या बाजूने, हुद्दा राज्याने दिलेला. पण डोकं टेकायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि बिंग फुटल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. माणूस अडला तो खाजगी दारातच. त्याच समाजाच्या सोसायटीचा निकाल तुम्ही मला तोंडावर फेकता?

सातबारा
बाबासाहेबांचं नाव काढलं की समोरच्याने मान खाली घालायची, ही तुमची जुनी खेळी. ज्यांनी हे सोसलं त्यांनीच कलम 15 च्या यादीत घर घातलं नाही, हे कसं विसरता? सार्वजनिक जागा आणि माणसाचा उंबरठा यांतला फरक त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळत होता. सरकारने माझ्या घरात कोण झोपेल ते ठरवावं, हे तुम्हाला स्वातंत्र्य वाटतं का?

मेंटेनन्सग्रस्त
वर विचारलेल्याचं उत्तर कुणी देईल का? कशाच्या दहा टक्के?

ठाणेकर काकू
तुमच्या घरात झोपायला कुणी येत नाहीये. तुम्ही राहता दुसरीकडे, हा फ्लॅट भाड्यासाठीच घेतलाय असं तुम्हीच लिहिलं होतंत.

बोंबिलराव
आमच्या विंगमध्ये सुके बोंबील भाजले म्हणून नोटीस लागली होती. लिफ्टशेजारी, लॅमिनेट करून! खालच्या मजल्यावर रोज हिंगाची फोडणी बसते तिला मात्र सुवास म्हणायचं.

सातबारा
वास हा उपद्रव होऊ शकतो. तेवढं मान्य करा, मग पुढे बोलू.

बोंबिलराव
मान्य. तुमच्या उदबत्तीसकट.

जुना कारकून
दोघेही मोठ्या कोर्टात अडकलात. 1955 चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा, आताचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा, त्याचं कलम 4 उघडा. कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधायला, घ्यायला किंवा वापरायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर तो गुन्हा आहे. खाजगी माणसाचासुद्धा. अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं कलम 17 सरकारपुरतं नाहीच मुळी. तेव्हा सातबारासाहेब, 'आपल्यातले' हा शब्द जाहिरातीत टाकण्याआधी दहादा विचार करा.

सातबारा
हे कलम ठाऊक आहे. सिद्ध कसं करणार ते सांगा. कोणता मालक "तुमच्या जातीमुळे नाही" असं म्हणतो? काकूंच्या त्या बाई म्हणाल्या, शब्द दिलाय. संपली केस.

ठाणेकर काकू
बघा, युक्ती तोंडपाठ आहे!

रातकिडा
जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही सांगितलंय की कलम 19 आणि 21 (जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य) चे हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. चार विरुद्ध एक.

सातबारा
तो खटला मंत्र्यांच्या बेताल विधानांवरून होता, घरभाड्यावरून नाही. आणि ज्या एका न्यायमूर्ती विरोधात होत्या त्यांचंही वाचा. उद्या प्रत्येक भाडेकरू रिट घेऊन हायकोर्टात उभा राहील.

उंटावरचा शहाणा
सातबारा, 2023 मध्येच मुलुंडचा व्हिडिओ फिरला होता, मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली तो. तेव्हा तुम्ही इथे काय लिहिलंत? "आपल्याच राज्यात आपल्याला जागा नाही, ही गुलामगिरी आहे." शब्द तुमचे. तेव्हा मालकाचा उंबरठा कुठे गेला होता?

सातबारा
तो मराठीचा अपमान होता. वेगळी गोष्ट.

उंटावरचा शहाणा
कशी वेगळी?

बोंबिलराव
आता थोडी हिंगाची फोडणी देऊ का?

सातबारा
सगळे मिळून तुटून पडा. ठीक आहे, 'आपल्यातले' हा शब्द मागे घेतो. आडनाव विचारणार नाही. धूम्रपान, थकबाकी आणि आधीच्या मालकाचा फोन नंबर मात्र विचारणार, आणि मटण शिजवू नका असं करारातच घालणार. पटत नसेल त्याने दुसरीकडे जावं. हे स्वातंत्र्य तरी ठेवाल ना, की त्यालाही एखादं कलम आहे?

रातकिडा
करारात घाला. पण मग दुसरीकडचेही सगळे तसंच घालतात, तेव्हा 'दुसरीकडे' म्हणजे नेमकं कुठे, तेही सांगा.

मेंटेनन्सग्रस्त
मी या संस्थळावर अकरा वर्षं आहे. एका प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नाही. कशाच्या दहा टक्के???

सातबारा
सेवा शुल्काच्या. महापालिकेचे कर वगळून. भाड्याशी काही संबंध नाही. आणि आईवडील, भावंडं, मुलं अशी जवळची माणसं राहत असतील तर एक रुपयाही नाही. सहकार कायद्याच्या 79-अ खालचा आदेश आहे. सेक्रेटरीला लेखी पत्र द्या, पोच घ्या, उत्तर आलं नाही तर उपनिबंधकांकडे जा. तुमच्या बिलात सेवा शुल्क वेगळं दाखवलंय का?

मेंटेनन्सग्रस्त
नाही, एकच आकडा आहे.

सातबारा
मग आधी तपशीलवार बिल मागा.