मदत हवी आहे : पॅकार्ड मोटार कंपनीच्या ऱ्हासाचे मूळ कोठे शोधावे?
नमस्कार. ओहायोतील वॉरन येथे १८९९ मध्ये पॅकार्ड बंधूंनी पहिली मोटार तयार केली, १९०३ मध्ये कारखाना डेट्रॉइटला हलला आणि १९१५ मध्ये आलेल्या बारा सिलिंडरांच्या ‘ट्विन सिक्स’मुळे अमेरिकेतील श्रीमंतांमध्ये या नावाचा दबदबा वाढला. महामंदीत तगून राहण्यासाठी १९३५ मध्ये कंपनीने कमी किमतीची ‘वन-ट्वेंटी’ आणली. कंपनी वाचली खरी, पण माझ्या मते तिच्या प्रतिष्ठेची उतरण तेथूनच सुरू झाली. १९५४ मध्ये तिने तोट्यातील स्टुडबेकर ही दुसरी मोटार कंपनी विकत घेतली आणि १९५८ मध्ये पॅकार्ड हे नावच संपले. जाणकारांनी कृपया सांगावे, घात स्वस्त गाडीने केला की स्टुडबेकरच्या खरेदीने? त्या काळातील ताळेबंद कोठे वाचता येतील, हेही कळवावे.